ऊर्फचा रकाना

मॅडमसमोर ‘तारीख’ असा नुसता शब्द उच्चारायची सोय नव्हती. त्या चष्मा कपाळावर ढकलायच्या, उजवा तळहात ट्रॅफिक हवालदारासारखा समोर धरायच्या आणि विचारायच्या, "कुठली?"

बोलणारा गडबडायचा. "अहो मॅडम, कराराची तारीख."

"तेच विचारते. सही झाली ती, काम सुरू झालं ती, की करार संपतो ती? का तुला आठवण झाली ती?"

तुमच्याही ऑफिसात अशी एखादी व्यक्ती असेलच. मीटिंग संपत आलेली असते, चहा येऊन गेलेला असतो, सगळ्यांना घरी जायचं असतं आणि नेमकी तेव्हाच ही व्यक्ती तोंड उघडते. बाकीचे एकमेकांकडे बघून डोळे फिरवतात. मीही पुष्कळ फिरवले आहेत. पण मॅडमनी ‘कुठली?’ विचारल्यावर दरवेळी असं निघायचं की टेबलाभोवतीचे आम्ही सगळे वेगवेगळ्या तारखांबद्दल तावातावाने बोलत होतो.

आमचं ऑफिस जुईनगरला. कंपनीचा धंदा कंटेनर ठेवायला जागा देण्याचा, आणि त्यासाठीचं मोठं यार्ड जासईला. एवढा पसारा म्हटल्यावर करार आलेच. क्रेनचा करार, पाण्याच्या टँकरचा करार, सिक्युरिटीचा, कॅन्टीनचा. मॅडम करार विभागात होत्या, मी कॉम्प्युटर विभागात. कंपनीने करार सांभाळायला नवीन सिस्टीम घेतली तेव्हा आमची दोघांची जोडी जमली. म्हणजे जमवली गेली. सिस्टीममध्ये रकाने मी तयार करायचे आणि त्यांची नावं मॅडमनी ठरवायची, असा हुकूम निघाला.

मला वाटलं, दोन दिवसांचं काम. रकान्याला नाव द्यायला काय लागतं?

तोवर प्रत्येक विभाग आपापल्या एक्सेल शीटवर सुखाने नांदत होता. करार संपण्याची तारीख एकाकडे ‘एंड डेट’ होती, दुसऱ्याकडे ‘एक्सपायरी’, तिसऱ्याकडे ‘व्हॅलिड टिल’. जासईच्या यार्डाने मात्र शुद्ध मराठीत ‘मुदत’ लिहिलं होतं. त्या मुदतीच्या रकान्यात कुठे तारीख होती, कुठे ‘एक वर्ष’ होतं, आणि टँकरवाल्याच्या पुढे लिहिलं होतं, ‘होळीपर्यंत’.

मॅडमनी यार्डाच्या मॅनेजरला फोन लावला आणि माझी करमणूक व्हावी म्हणून स्पीकरवर ठेवला.

"होळीपर्यंत म्हणजे काय ओ?"

"म्हणजे होळीपर्यंत, मॅडम. तो होळीला गावी जातो ना."

"आणि होळीनंतर?"

"येतो की परत."

"अहो, पण होळी दरवर्षी सरकते."

"तो पण सरकतो, मॅडम."

मॅडम फोन ठेवून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग चष्मा पुसला, खाली ओढला आणि मला म्हणाल्या, "लिही. ‘करार समाप्ती दिनांक’. सगळीकडे हेच. एक गोष्ट, एक नाव. त्यात होळी टाकली तर लाल दिवा लागला पाहिजे."

‘एक गोष्ट, एक नाव’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही पाठीमागे त्यांच्या आवाजात म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि आमची नक्कल चांगली होत नाही एवढीच त्यांची तक्रार होती.

‘पार्टी’वरून झालेलं भांडण तर आमच्याकडे अजून निघतं. ज्याच्याशी करार होतो त्याला आमचे वकील ‘पार्टी’ म्हणत, अकाउंट्सवाले ‘वेंडर’, खरेदीवाले ‘सप्लायर’. अकाउंट्सच्या साहेबांचा ‘वेंडर’वर फार जीव. ते म्हणाले, जगभर वेंडरच म्हणतात. मॅडम म्हणाल्या, जगाचं जग बघेल, यार्डात काय म्हणतात ते मी विचारून येते. आणि खरोखर गेल्या. दुसऱ्या दिवशी येऊन गंभीरपणे सांगितलं, "यार्डात ‘शेठ’ म्हणतात." शेवटी ‘कंत्राटदार’ ठरलं. अकाउंट्सचे साहेब बरेच दिवस मॅडमशी जेवढ्यास तेवढं बोलत.

ही खोड करारांपुरती होती असं समजू नका. आमच्या पॅन्ट्रीत दोन डबे होते, दोन्हींवर ‘चहा’ लिहिलेलं. एकात चहापूड, दुसऱ्यात पाहुण्यांसाठीच्या चहाच्या पुड्या. कुणालाही त्याचा त्रास नव्हता, कारण बघितलं की कळत होतं. मॅडमना होता. उलव्याला त्यांनी नवीन फ्लॅट घेतला तेव्हा तर कहरच झाला. त्यांच्या आणि शेजारच्या इमारतीचं नाव जवळपास सारखंच निघालं. दोघांचं कुरिअर एकमेकांकडे जायचं. मॅडमनी सोसायटीच्या सभेत इमारतीचं नाव बदलायचा ठराव मांडला. सेक्रेटरी म्हणाला, "मॅडम, इथे पाण्याचं टेन्शन आहे, लिफ्टचं टेन्शन आहे, तुमी नाव काय घेऊन बसलात?" ठराव पडला. दुसऱ्या दिवशी त्या फुरंगटूनच ऑफिसात आल्या होत्या.

मी एकदा विचारलं, "मॅडम, एवढं काय असतं हो नावात?"

तेव्हा त्यांनी वडिलांचं सांगितलं. वडील साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात माथाडी. पाठीवरून गोणी वाहायचे. "गोणीवर मार्का असतो ना, तो चुकला की माल भलत्याच गाळ्यावर जायचा. मार्का चुकवणारा बसायचा पंख्याखाली. गोणी परत पाठीवर घ्यायची माझ्या बापाने." एवढं बोलून त्या कामाला लागल्या. त्यानंतर मी त्यांच्या ‘कुठली?’ला डोळे फिरवणं कमी केलं. पूर्ण बंद केलं असं म्हणणार नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो, ते सांगतो.

जुन्या शीट्समध्ये कंत्राटदाराच्या नावाच्या रकान्यात ‘ऊर्फ’चा सुळसुळाट होता. अमुक ऊर्फ बाळूशेठ, तमुक ऊर्फ दादा, एकाच्या पुढे तर दोन ऊर्फ. मॅडमनी एका फटक्यात सगळे उडवले. नियम केला की कंत्राटदाराचं नाव पॅन कार्डावर असेल तेच आणि तेवढंच. जुन्या करारातलं नाव आणि पॅन कार्डावरचं नाव जुळलं नाही, तर सिस्टीम कराराचं नूतनीकरण करणारच नाही. माणूस नवा समजायचा आणि सगळ्यांकडून नव्याने दर मागवायचे. "ऊर्फ म्हणजे ज्याचं ठरलेलं नाही त्याचं लक्षण," असं त्या भर मीटिंगमध्ये म्हणाल्या. अकाउंट्सच्या साहेबांनी तेवढ्यावर मात्र मनापासून मान डोलावली.

नियम लागू झाला आणि जासईच्या कॅन्टीनचा करार अडकला.

ते कॅन्टीन गावातल्या बायकांचा बचत गट चालवत होता. गटाच्या अध्यक्षा हिराताई. करार त्यांच्या नावावर, सही त्यांची, यार्डातला शेंबडा पोरगाही त्यांना हिराताईच म्हणणार, कारण त्यांचं माहेर जासईचंच. पण पॅन कार्डावर नाव होतं वनिता. सिस्टीमने चोख काम केलं, लाल दिवा लावला. करार संपायला थोडेच दिवस उरले होते. नव्याने दर मागवले की मोठा केटरर येणार आणि गट बाहेर जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. त्या बायकांपैकी कुणाचीच दुसरीकडे नोकरी नव्हती.

हिराताई थेट जुईनगरला आल्या. हातात पिशवी, पिशवीत आमच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी. ती टेबलावर ठेवून म्हणाल्या, "मॅडम, आमचा जेवान खराब हाय का?"

"नाही हो ताई. जेवणाचा प्रश्नच नाही. नावाचा आहे."

"कंच्या नावाचा?"

मॅडमना कुणी उलट ‘कुठलं’ विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. त्यांनी नियम समजावून सांगितला. अगदी प्रेमाने, सावकाश. हिराताईंनी पूर्ण ऐकून घेतलं.

"माहेरची मना हिरा बोलतान. लग्नान तांदलावर वनिता लिवला. मना कोनी इचारला का? आता तुमी बोलताव दोन नावां चालनार नाय. मंग येक कापून टाकू? कंचा कापू, ता तुमीच सांगा."

आवाज चढला नव्हता. खरंच विचारत होत्या. मॅडमचा तळहात टेबलावर पालथा पडून होता. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "दोन दिवस द्या मला."

त्या दुपारी मॅडमनी भाकरी खाल्ली, चटणी जरा जास्तच घेतली आणि जेवता जेवता मला स्वतःचं सांगितलं. इतकी वर्षं एका ऑफिसात असूनही मला त्यातलं काही माहीत नव्हतं.

"लग्न होऊन आले, तर सासरी माझ्या नावाची मोठी जाऊ आधीच होती," त्या म्हणाल्या. "म्हणजे डुप्लिकेट एन्ट्री. मग सिस्टीम काय करणार? नंतर आलेली बदलली."

आणि हसल्या. मला हसता आलं नाही.

"यांचा दोष नाही रे त्यात. सासूबाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलं, यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने गिरवलं. सगळे म्हणाले, वाच. मी वाकून वाचलं, तेव्हा मला कळलं मी कोण ते. डिग्री एका नावावर, नोकरी दुसऱ्या. ‘ती मीच’ हे स्टँपपेपरवर किती वेळा लिहून दिलंय, विचारू नकोस. म्हणून दोन नावांचा राग. वाटायचं, माणसांचं जाऊ दे, निदान वस्तूंना तरी एकच नाव असू दे."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "आईबाबा होते तोवर जुन्या नावाने हाक तरी यायची. आता त्या नावाने कुणीच हाक मारत नाही."

मी ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या. "एक रकाना वाढव."

"नाव काय देऊ?"

आणि मंडळी, आख्ख्या कंपनीला नावं देणाऱ्या या बाईंना त्या एका रकान्याचं नाव सुचेना.

मी म्हटलं, "‘पूर्वीचं नाव’ लिहू?"

"पूर्वीचं कसं? तिला आजही सगळं गाव त्याच नावाने ओळखतं."

"मग ‘दुसरं नाव’?"

"दुसरं कुठलं? पहिलं कुठलं ते ती ठरवेल, का तू?"

"माहेरचं नाव?"

"आणि बाळूशेठचं माहेर कुठे शोधणार?"

‘टोपणनाव’ म्हटलं तर म्हणाल्या, ती काय कविता लिहिते का. ‘एलियस’ म्हटलं तर म्हणाल्या, ते पोलिसांच्या कागदात चोरांना लावतात. मी हात टेकले. मग मॅडम चष्मा कपाळावर न ढकलता, अगदी हळू म्हणाल्या, "लिही. ऊर्फ."

"मॅडम, अहो, तुम्हीच…"

"मीच काढलं, मीच आणते. लिही."

नियम बदलायचा तर मीटिंगमध्ये मांडायला हवा. मॅडम उभ्या राहिल्या तेव्हा अकाउंट्सचे साहेब खुर्चीत जरा पुढे सरकले. बऱ्याच दिवसांनी त्यांचा दिवस उगवला होता.

"ऊर्फ? मॅडम, एक गोष्ट, एक नाव ना? ऊर्फ म्हणजे काय म्हणाला होतात तुम्ही, ज्याचं ठरलेलं नाही…"

"बरोबर, मीच म्हणाले होते, आणि चुकीचं म्हणाले होते," मॅडम म्हणाल्या. "ते नियम मी वस्तूंसाठी केले. बाई वस्तू नाही. आपल्याकडे लग्नात बाईचं नाव बदलतात, तिला न विचारता बदलतात, आणि नंतर तिलाच विचारतात की तुझी दोन नावं कशी. ते काम आपल्या सिस्टीमने करू नये असं मला वाटतं. ऊर्फ नावाच्या रकान्यात घुसलं होतं म्हणून घोळ होता. आता त्याला स्वतःची जागा देऊ. ज्याच्या-त्याच्याकडून एकदा लिहून घेऊ आणि दोन्ही नावं एकाच माणसाची धरू."

सगळ्यांसमोर स्वतःचा शब्द मागे घेणं त्यांना किती जड गेलं असेल हे मला कळत होतं, कारण त्यांच्याइतकी शब्दाला जपणारी बाई मी पाहिलेली नाही. डायरेक्टर साहेबांनी सगळीकडे बघितलं आणि विचारलं, "कुणाची हरकत?" अकाउंट्सच्या साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "माझ्या मिसेसचीपण दोन नावं आहेत." त्या दिवसापासून मला ते गृहस्थ आवडायला लागले.

कॅन्टीनच्या कराराचं नूतनीकरण झालं. कंत्राटदाराचं नाव वनिता, ऊर्फ हिरा. दिवा हिरवा.

बायकांनी आम्हाला जासईला जेवायला बोलावलं. आम्ही गेलो तर यार्डाचा मॅनेजर आणि तो होळीचा टँकरवालाही पंगतीला हजर. हिराताई मॅडमना वाढता वाढता म्हणाल्या, "मॅडम, तुमचा पन काय नाव व्हता माहेरचा?" मॅडमनी माझ्याकडे एक नजर टाकली. मी पानातल्या माशाचे काटे काढायला लागलो. त्यांनी हिराताईंना हळूच सांगितलं, पण ते आख्ख्या कॅन्टीनला ऐकू गेलं. निघताना आम्ही गाडीत बसत होतो, तेव्हा मागून एका बाईने त्या नावाला ‘ताई’ जोडून मोठ्याने हाक मारली. मॅडमचा डबा राहिला होता. मॅडम गर्रकन वळल्या. डबा घेऊन गाडीत बसल्यावर त्या जुईनगरपर्यंत बाहेरच बघत होत्या.

पुढे त्या निवृत्त झाल्या. उलव्याहून जासई जवळ, त्यामुळे कॅन्टीनमध्ये अधूनमधून जायच्या. कढीत मीठ कमी आहे असं सांगायला, असं म्हणायच्या. त्या बायकांमध्ये त्यांना माहेरच्या नावानेच ओळखत. आमच्या वेळची मंडळी त्यांना मॅडम म्हणत आली, घरचे सासरच्या नावाने. मॅडमना त्यात आता घोळ वाटत नसे.

त्या गेल्या ते अचानक. सकाळी देवपूजा करून बसल्या आणि तिथेच कलंडल्या. मला बातमी उशिरा कळली, अंत्यविधीला पोहोचता आलं नाही. दोन दिवसांनी भेटायला गेलो. सोसायटीच्या फाटकाशी जासईच्या बायका उभ्या होत्या, हिराताई पुढे. वॉचमन त्यांना हिंदीत सांगत होता की या नावाचं इथे कोणी राहत नाही, बाजूच्या बिल्डिंगमध्ये विचारा. त्या बाजूच्या बिल्डिंगमध्ये विचारून आल्या होत्या. हिराताई रडवेल्या होऊन परत परत तेच नाव सांगत होत्या. शेजारी फळ्यावर सोसायटीची नोटीस लागलेली होती, ‘आमच्या सभासद अमुक अमुक यांचे दुःखद निधन’ वगैरे. त्यात मॅडमचं सासरचं नाव होतं. ते वाचून या बायकांना काय कळणार?

मी पुढे होऊन बोलणार, इतक्यात मॅडमचे यजमान कुणाला तरी सोडायला खाली आले. त्यांनी बायकांच्या तोंडून ते नाव ऐकलं आणि जागच्या जागी थांबले. तसे ते मितभाषी गृहस्थ. एरवी मॅडमना न्यायला आले तरी स्कूटरवरून न उतरणारे. ते वॉचमनच्या टेबलाशी गेले, वहीवरचं पेन उचललं आणि फळ्यापाशी उभे राहिले. नोटिशीवर मॅडमच्या नावापुढे जागा थोडीच होती. त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, ‘ऊर्फ’, आणि त्यापुढे ते नाव.

हिराताईंनी त्यावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. मग डोळे पुसून मागे वळल्या आणि बाकीच्या बायकांना म्हणाल्या, "चला गो. हीच बिल्डिंग हाय."